जहाजावरील समारंभाची रात्र आणि पुरुषांचा पोशाख

श्रोतेहो, मुलाने वा मुलीने परदेशी संसार थाटावा आणि पुढे आईवडिलांना समुद्रपर्यटनास बोलवावे, हे आता इंदूर, बडोदे, बेळगाव वा हैदराबाद येथील मराठी घरांतून नवलाचे राहिलेले नाही. तिकिटे येतात, व्हिसा मिळतो, औषधांच्या पुड्या बांधल्या जातात. आणि मग जहाज कंपनीच्या सूचनापत्रातील एका ओळीपाशी घरचे यजमान थबकतात. ‘अमुक रात्री औपचारिक पोशाख अपेक्षित आहे.’ म्हणजे काय? आयुष्यभर सदरा-विजार घालून नोकरी केलेल्या गृहस्थाने उतारवयात साहेबी काळा कोट शिवून घ्यावयाचा की काय? की त्या रात्री खोलीतच बसून राहावयाचे? या प्रश्नाचा उलगडा करण्याचा आज माझा विचार आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सर्व जहाजांचा रिवाज एक नाही. जुनी परंपरा कसोशीने पाळणारी कंपनी म्हणजे क्यूनार्ड. या कंपनीची अटलांटिक महासागरावरील टपालवाहतूक १८४० साली सुरू झाली. २००४ साली प्रवासास निघालेले तिचे ‘क्वीन मेरी २’ हे जहाज साउदम्प्टन व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान जा-ये करते. सात रात्रींच्या या सफरीत साधारणतः दोन रात्री समारंभाच्या असतात. त्या रात्री सायंकाळी सहानंतर पुरुषांनी डिनर जॅकेट, गडद रंगाचा सूट अथवा आपला औपचारिक राष्ट्रीय पोशाख, यांपैकी काहीही परिधान करावे, असा संकेत आहे. इतर रात्री नीटनेटका पोशाख पुरतो. टायची सक्ती नसते. याउलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनसारख्या कंपनीने औपचारिक पोशाखाची अटच ठेवलेली नाही. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवरही अशा रात्री नसतात. तेव्हा शिंप्याकडे धाव घेण्यापूर्वी कंपनीचे सूचनापत्र वाचणे, हे पहिले काम.

आता हे डिनर जॅकेट म्हणजे काय, ते पाहू. काळ्या अथवा गर्द निळ्या लोकरी कापडाचा कोट, छातीवर उलटलेल्या त्याच्या गळपट्टीला रेशमी झिलई, विजारीच्या बाहेरच्या शिवणीवर रेशमी पट्टी, पांढरा सदरा, गळ्याशी काळा बो-टाय आणि पायांत काळे बूट, एवढा हा सरंजाम. अमेरिकेत यालाच टक्सिडो म्हणतात. आज अतिशय कडक वाटणारा हा वेश जन्मतः मात्र सैलसर समजला जात होता, ही गंमत आहे. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावरील हेन्री पूल या पेढीच्या सांगण्याप्रमाणे, १८६५ साली तत्कालीन युवराजांनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्ड राजांनी, सँड्रिंगहॅम येथील घरगुती भोजनासाठी लांब शेपटांच्या कोटाऐवजी हा आखूड कोट तिच्याकडून करवून घेतला. पुढे १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क येथील मंडळींत त्याची चाल पडली व गावाचेच नाव कोटाला चिकटले. एका पिढीची मोकळीक दुसऱ्या पिढीचा शिष्टाचार होते, ती अशी.

या वेशात आपला एक धागाही गुंफलेला आहे. डिनर जॅकेटखाली कमरेला जो चुण्यांचा रुंद रेशमी पट्टा बांधतात, त्याला इंग्रजीत ‘कमरबंड’ म्हणतात. हा आपला कमरबंदच होय. फारसीतून हिंदुस्थानीत रुळलेला हा शब्द आणि ही वस्तू एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी उचलली. कारण येथल्या उकाड्यात कोटाखालची वेस्टकोट त्यांना सोसवेना. पट्टा बांधताना त्याच्या चुण्यांची तोंडे वर ठेवावयाची, आणि तो असताना चामड्याचा पट्टा लावावयाचा नाही, एवढे पथ्य सांभाळले की झाले.

पण पोशाखासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. श्रोतेहो, भोजनासाठी वस्त्र बदलणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. मुकटा नेसून पानावर बसणारी माणसे आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी होती. तेथे हेतू सोवळ्याचा होता, येथे तो पंक्तीचा मान राखण्याचा आहे. पण हे जेवण नित्याचे नव्हे, ही जाणीव दोन्हीकडे सारखीच. सात दिवस सभोवार पाण्यावाचून काही दिसत नाही, तेव्हा एखाद्या रात्रीला सणाचे रूप द्यावे, असे माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. पूर्वी बोटीवरचा पोशाख हा वर्गभेदाचा दर्शक होता. पहिल्या वर्गातील उतारू रात्री नटूनथटून जेवावयास येत, तळमजल्यावरच्या गरीब उतारूंना त्याचे दर्शनही घडत नसे. आजही ‘क्वीन मेरी २’वर तिकिटाच्या दराप्रमाणे भोजनगृहे वेगळी आहेत, पण समारंभाच्या रात्रीचा संकेत सर्वांना एकच आहे. साध्या खोलीतला उतारूही त्या रात्री त्याच दिमाखात जिना उतरतो.

कपड्यांची धास्ती माणसाला किती एकटे पाडते, याचे उदाहरण महात्माजींच्या आत्मकथेत आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले. बोटीवर ते काळा सूट घालीत. पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट किनाऱ्यावर उतरताना शोभेल म्हणून त्यांनी राखून ठेवला होता. सप्टेंबरअखेर ते उतरले, तो तशा कपड्यांत आपण एकटेच आहोत असे त्यांना दिसले. प्रवासात काट्या-चमच्यांची रीत ठाऊक नसल्यामुळे ते जेवणाच्या टेबलावरही जात नसत. बरोबर नेलेली मिठाई व फळे यांवर खोलीतच भागवीत. रीत सांगणारे कोणी जवळ नसले की असे होते.

म्हणूनच सूचनापत्रातील ‘राष्ट्रीय पोशाख’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. गडद रंगाचा बंद गळ्याचा जोधपुरी कोट व विजार, अथवा अचकन किंवा शेरवानी, हा आपल्या देशाचा औपचारिक पोशाखच आहे; त्यासाठी कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. मुलाच्या लग्नात शिवलेला जोधपुरी कोट कपाटात असेल, तर तोच बाहेर काढावा. मात्र रोजचा चुरगळलेला झब्बा केवळ देशी आहे म्हणून औपचारिक ठरत नाही, हेही खरे. या बाबतीत आपणच आपल्या वेशाला कधीकधी कमी लेखतो. २०१४ साली चेन्नईतील एका क्लबात वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच प्रवेश नाकारण्यात आला. त्याच वर्षी तमिळनाडूच्या विधानसभेला अशा मनाईविरुद्ध कायदा करावा लागला. परक्या जहाजावर जे चालते, ते स्वदेशी क्लबात अडावे, याला काय म्हणावे!

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. एक काळा किंवा गडद निळा सूट, पांढरा सदरा, साधा टाय व काळे बूट एवढ्यावर कोणतीही समारंभाची रात्र निभावते. दोन रात्रींसाठी नवा टक्सिडो शिवण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या रात्री सहसा समारंभ नसतो, कारण उतारूंच्या पेट्याच उघडलेल्या नसतात. इस्त्री बरोबर नेऊ नये. आगीच्या भयाने जहाजांवर ती खोलीत वापरू देत नाहीत. त्यासाठी जहाजावर धुलाईची सोय असते. कोट नाहीच घालावयाचा, तरीही कोणी उपाशी राहत नाही. ‘क्वीन मेरी २’वर किंग्ज कोर्ट हे भोजनगृह व गोल्डन लायन हे पानगृह अशांसाठी त्या रात्रीही मोकळे असते. आणि गोव्यातील श्रोत्यांना तर शेजारच्या घरीच विचारता येईल. जहाजावर नोकरी करणारा ‘तारवटी’ त्यांच्या गावोगाव आहे, आणि या पंक्तींत वाढण्याचे काम कित्येकांनी वर्षानुवर्षे केलेले आहे.

सारांश, या नियमाचा रोख श्रीमंतीवर नसून नीटनेटकेपणावर आहे. स्वच्छ, अंगाला बेताचा बसणारा आणि ज्यात आपले मन संकोचत नाही असा वेश करावा, पत्नीने पैठणी नेसली असेल तर तिच्या शेजारी शोभेल इतके आपणही नटावे, आणि निःशंकपणे पंक्तीस जाऊन बसावे.