खाणीतील धन आणि राष्ट्राचे धन

खाण म्हटली की पुष्कळांच्या मनात दोनच गोष्टी येतात : सोने, नाहीतर अपघात. परंतु राष्ट्राचा रोजचा संसार चालतो तो कोळसा, लोखंड, मँगनीज ह्यांच्या खाणींवर. त्यांची ओळख शहरातील सुशिक्षितांनाही नसते, असे संघटनेच्या कामात आमच्या वारंवार अनुभवास आले आहे.

मँगनीजचेच उदाहरण घेऊ. नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत हे काळे, जड खनिज सापडते. पोलाद करताना मँगनीज घातले म्हणजे ते प्राणवायूला व गंधकाला आवरते. एरवी गंधकामुळे तापलेले पोलाद लाटताना तडकते. रेल्वेचे रूळ एकमेकांस छेदतात तेथील पोलादात मँगनीज शेकडा १२-१३ च्या आसपास असते, म्हणूनच ते चाकांचे घाव सोसते. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज विजेरीच्या सेलांतही जाते. बाजारात मँगनीज कोणी मागत नाही. पण विळा घेणारा शेतकरी आणि आगगाडीत बसणारा उतारू, दोघेही त्याचेच गिऱ्हाईक.

मग जमिनीत खनिज असले म्हणजे देश श्रीमंत होतो काय? नाही. इंग्रजी अमलात हे मँगनीज बहुतांशी कच्चेच परदेशी जाई. खड्डा आमच्याकडे राही, कारखाना तिकडे उभा राही. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघून तीत सरकारचा वाटा आला. १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. मालकी बदलली, परंतु खनिजाचे पोलाद येथेच झाले, तरच त्याची किंमत येथे राहते.

शेतातले पीक पुढल्या वर्षी पुन्हा येते. खाणीतले एकदाच निघते. म्हणून गावाचा हिशेब चोख हवा. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान कायद्यात आले. खाणबाधित गावांसाठी खाणचालकांनी त्यात पैसा भरावयाचा असतो. तो पाण्यावर, दवाखान्यावर किती खर्चला, हे विचारणे नागरिकांचे काम आहे.

दुसरा हिशेब माणसांचा. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. भूमिगत खाणीत छत ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला की माणसे मागे घ्यावयाची. तेवढा वेळ माल निघत नाही. त्या थांबण्याला तोटा न म्हणणारा समाज आम्हांस हवा आहे. राष्ट्राचे धन मोजताना खाणीतून वर आलेल्या टनांबरोबर, पाळी संपवून सुखरूप वर आलेली माणसेही मोजली पाहिजेत.