पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकू का? कॉपीराइट आणि फाइल शेअरिंग, विद्यार्थ्यांसाठी

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गाच्या टेलिग्राम ग्रुपचा अॅडमिन. "मामा, अकाउंटिंगचं अख्खं पुस्तक स्कॅन केलंय. ग्रुपवर टाकू ना? दोनशे जण आहेत, सगळ्यांचे पैसे वाचतील."

मी लगेच ओरडलो नाही, कारण हे मीही केलेलं आहे. कॉलेजात असताना आमच्याच सरांनी लिहिलेलं, एका छोट्या प्रकाशकाने काढलेलं पुस्तक आम्ही स्कॅन करून पेन ड्राइव्हवरून सगळीकडे वाटलं. पुढच्या वर्षी मी सरांना विचारलं, "नवी आवृत्ती कधी येणार?" ते हसून म्हणाले, "अरे, पहिलीचेच गठ्ठे पडून आहेत." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

म्हणून भाच्याला जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतोय.

कॉपीराइट कशावर असतो?

आपल्याकडे यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ लागू आहे. लेखन, चित्र, फोटो, गाणं, सॉफ्टवेअर तयार झालं की त्यावर आपोआप हक्क येतो. नोंदणीची सक्ती नाही, गोलातला 'सी' छापलेला नसला तरी हक्क असतोच. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या नोट्सवरही तिचा हक्क आहे. तिला न विचारता त्या विकणं चुकीचंच.

पुस्तकांसाठी हा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सर्वांसाठी मोकळं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांना २०६० संपेपर्यंत थांबावं लागेल. आणि हो, जुन्या पुस्तकाला कुणी नवी प्रस्तावना जोडली असेल, तर तिचा हक्क वेगळा.

विद्यार्थ्यांना सूट आहे का?

आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. कायद्याच्या कलम ५२ नुसार स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी योग्य मर्यादेत केलेला वापर चालतो. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढणंही चालतं.

यावर दिल्लीत मोठा खटला झाला. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमात नेमलेले वेगवेगळ्या पुस्तकांतले भाग एकत्र करून तिथे झेरॉक्स संच दिले जात होते. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीची ही सूट मान्य केली. अमुक टक्के पानांपर्यंतच चालेल अशी मर्यादाही घातली नाही. शिकवण्यासाठी तेवढा भाग गरजेचा आहे का, हे महत्त्वाचं ठरवलं.

पण यातून 'अख्खं पुस्तक कुणालाही वाटा' असा अर्थ काढू नका. नेमलेलं प्रकरण वर्गात वापरणं वेगळं आणि बाजारात मिळणारं पूर्ण पुस्तक दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. तिथून ते पुढे किती ग्रुपांत जाईल, यावर तुमचा ताबा राहत नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच.

सॉफ्टवेअर आणि टॉरंट

स्वतःच्या अभ्यासासाठीची ती सूट सॉफ्टवेअरला लागू नाही. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवता येते, पण 'क्रॅक' केलेलं जाणूनबुजून वापरलं तर त्यासाठी वेगळं कलम आहे, ६३ बी. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस येतो तो वेगळाच.

टॉरंटबद्दल मोठा गैरसमज असतो: "मी फक्त डाउनलोड केलं." टॉरंटमध्ये फाइलचे तुकडे तुमच्याकडे येत असतानाच, आलेले तुकडे इतरांना जात असतात. म्हणजे तुम्ही नकळत वाटपही करत असता. तंत्र मात्र बेकायदेशीर नाही. उबंटू, लिबरऑफिस हे स्वतःच टॉरंटवरून डाउनलोडची सोय देतात. प्रश्न फाइल कोणती आहे, याचा असतो.

मग बिनधास्त काय शेअर करायचं?

* क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं साहित्य. परवान्यात 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एनसी' म्हणजे धंदा नको, 'एनडी' म्हणजे बदल नको, 'एसए' म्हणजे पुढेही त्याच अटींवर वाटा. मराठी विकिपीडियाचा मजकूर 'बीवाय-एसए' आहे.
* सरकारी खजिना. स्वयम् आणि एनपीटेलची लेक्चर्स, इग्नूचं ई-ज्ञानकोश, प्रबंधांसाठी शोधगंगा, आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी.
* संशोधन लेख. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी शिक्षणसंस्थांना हजारो जर्नल्स खुली झाली आहेत. लायब्ररीत जाऊन विचारा. नाहीच मिळालं तर लेखकाला ईमेल करा, बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात.

आणि एक साधा नियम: फाइल टाकण्याऐवजी मूळ ठिकाणाची लिंक टाका.

भाच्याने शेवटी स्कॅन ग्रुपवर टाकलं नाही. लायब्ररीत त्या पुस्तकाच्या प्रती किती आहेत ते विचारलं, स्वयम्‌वरच्या लेक्चर्सची यादी पिन केली आणि सीनियर्सकडची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळवून दिली. विकत घेतलेलं पुस्तक पुढे विकायला कायद्याची काहीच हरकत नाही.

सरांचं ते पुस्तक मी नंतर विकत घेतलं. उशीर झाला होता, पण घेतलं.