शिकाऊने गाडी पाडली, भरपाई कोणाची?

दुकानात नवा मुलगा लागला की माल पोचविण्यासाठी त्याला मालकाच्याच दुचाकीवर गाडी शिकविली जाते. शिकताना गाडी पडली, हेडलाइट फुटला, की खर्चावरून वाद होतो आणि पुष्कळदा पगार कापला जातो.

प्रथम कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा समोरच्याचे नुकसान भरतो, आपल्या गाडीचे नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. गाडीवर 'एल' पाटी आणि सोबत पक्का परवाना असलेला शिकविणारा हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात विम्यासाठी शिकाऊ परवाना ग्राह्य धरला. विनापरवाना मुलाला किल्ली देणाऱ्या मालकाला मात्र २०१९ च्या दुरुस्तीने ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या.

आता शरीअत. मालकाच्या कामासाठी शिकणारा मुलगा नोकर आहे. हनफी फिकहप्रमाणे नोकराच्या हातातील वस्तू अमानत असते. त्याने हयगय केली तरच भरपाई मागता येते. स्वतःसाठी गाडी मागून नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. कोकणातील बांधव ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात उसन्या वस्तूची जबाबदारी साधारणतः नेणाऱ्यावरच असते.

म्हणून व्यापारी बंधूंनो, किल्ली देण्यापूर्वी परवाना व विमा पाहा आणि मोडतोडीचा खर्च कोणाचा, हे दोन ओळींत लिहून ठेवा. सूरह बकरातील २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. तीच शिस्त येथेही पाळली, तर गरिबाचा पगारही वाचेल आणि मालकाची गाडीही.