उस्तादाची जमीन

गझलेच्या दुनियेत तरही मुशायरा नावाचा एक जुना रिवाज आहे. उस्तादाची एक ओळ आधी जाहीर करतात. तिचं वृत्त, काफिया, रदीफ तेच ठेवून प्रत्येक शायरानं आपली गझल बांधून आणायची. याला त्या उस्तादाच्या ‘जमिनीत’ लिहिणं म्हणतात. जमीन त्याची, पीक आपलं. याला कुणी चोरी म्हणत नाही. उलट नवशिक्याची परीक्षा इथंच होते. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून मराठी मुलांना गझलेचे कायदे समजावले. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहिली पेरणी भटांच्याच जमिनीत केली.

कॅमेऱ्याच्या कलेतही अशी जमीन असते, हे मला माझ्या मित्राच्या मुलीमुळं कळलं. ती पुण्यात फोटोग्राफी शिकते आणि सुट्टीत धाराशिवला आली की मला फोटो दाखवायला येते. मला चाचा म्हणते. तिच्या तोंडी सारखं एकच नाव असतं, रघु राय.

रघु राय मूळचे इंजिनिअर. मोठे भाऊ एस. पॉल यांच्यामुळं १९६०च्या दशकात ते कॅमेऱ्याकडं वळले आणि दिल्लीच्या ‘स्टेट्समन’मध्ये छायाचित्रकार झाले. १९७१ साली पॅरिसमधलं त्यांचं प्रदर्शन आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी पाहिलं आणि १९७७ मध्ये ‘मॅग्नम’ या जगप्रसिद्ध छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी त्यांचं नाव सुचवलं. ब्रेसाँ म्हणजे अचूक क्षणाचे उस्ताद. घटना, माणूस आणि चौकट एका रेषेत येतात तो निमिष पकडायचा, ही त्यांची रीत. राय त्याच जमिनीत उभे राहिले, पण त्यांच्यासमोर होता आपला देश. इथं एका निमिषात एकच गोष्ट कधी घडते? म्हणून त्यांच्या चौकटीत डावीकडं भांडण, मध्ये म्हातारा, उजवीकडं बकरी, मागं कुणी कपडे वाळत घालतंय, असं सगळं एकदम चालू असतं.

त्यांचं १९९५ सालचं चर्चगेट स्टेशनचं छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. फलाटावरची गर्दी धुक्यासारखी वाहते आहे आणि मधेच काही माणसं दगडासारखी स्थिर, वर्तमानपत्र वाचत थांबलेली. यामागची युक्ती सोपी आहे. कॅमेऱ्याचा पडदा नेहमी सेकंदाच्या शंभराव्या वगैरे भागापुरता उघडतो. तो पुष्कळ जास्त वेळ उघडा ठेवला, की तेवढ्यात जे हलतं ते पुसट होतं आणि जे थांबलेलं असतं ते ठळक उमटतं. कॅमेरा मात्र हलता कामा नये.

या मुलीनं तीच जमीन घेतली आणि अश्विनी पौर्णिमेला तुळजापूर गाठलं. सोलापूरकडून रात्रभर चालत आलेले लोक महाद्वारातून आत घुसत होते. तिनं कॅमेरा स्टँडवर ठेवला, पडदा एक सेकंद उघडा ठेवला. पहिल्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत नुसता चिखल. कारण तिथं वर्तमानपत्र वाचत उभं राहणारं कुणी नव्हतं. चर्चगेटला गाडीची वाट बघणारा माणूस थांबतो. देवीच्या दारात कोण थांबणार? दुसऱ्या दिवशी तिला उत्तर सापडलं. पायरीवर परडी पुढ्यात घेऊन, गळ्यात कवड्यांची माळ घातलेली एक आराधी बाई बसली होती. वाहत्या गर्दीत तेवढीच एक ठळक आली. हा फोटो मला शेरासारखा वाटला. रदीफ उस्तादाचा, खयाल हिचा.

पण उस्तादाची प्रत्येक जमीन अशी निर्मळ नसते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूनं मेलेल्या एका अनोळखी बाळाचं दफन चाललेलं असताना राय यांनी छायाचित्र घेतलं. मातीतून डोकावणारा चेहरा, उघडे डोळे. त्याच बाळाचं पाब्लो बार्थोलोम्यू यांनी घेतलेलं रंगीत छायाचित्र त्या वर्षीचं जागतिक वृत्तछायाचित्र ठरलं. ती दोन्ही छायाचित्रं कुणी मांडून घेतलेली नव्हती. प्रसंगच समोर होता. शिकणाऱ्या पोरांच्या मनात मात्र एक भलतंच गणित बसतं, की मोठं दुःख म्हणजे मोठा फोटो. आमच्या जिल्ह्याला हे गणित ठाऊक आहे. १९९३च्या भूकंपात सास्तूरकडं कॅमेरे आले. पुढं दुष्काळात आले ते भेगाळलेल्या जमिनीसाठी, आणि शेतकरी आत्महत्यांसाठी आले तेव्हा हार घातलेली तसबीर धरून बसलेल्या बाईसाठी. (आम्ही कवीही त्या भेगांवर पुष्कळ जगलो, ते असो.)

ही मुलगी अशाच एका घरी गेली. अजून कॅमेरा पिशवीतून काढलाही नव्हता, तोच ती बाई आत जाऊन नवऱ्याची तसबीर घेऊन आली. पदर सारखा केला, तसबीर मांडीवर घेतली आणि म्हणाली, “असं बसू का?” आधी आलेल्यांनी तिला शिकवून ठेवलं होतं.

मुलीनं फोटो काढला नाही. चहा पिऊन परतली. मला म्हणाली, “चाचा, तो फोटो माझ्या आधीच कुणीतरी काढलेला होता.”

ती पुन्हा दोनदा गेली. तिसऱ्या खेपेला सोयाबीनची मळणी चालू होती. तेव्हाचा फोटो तिनं मला दाखवला. बाई मळणीयंत्रवाल्याशी पोत्यांच्या हिशोबावरून हुज्जत घालतेय, हात वर, तोंडावर भुसा. मी विचारलं, “यात तुझे उस्ताद कुठं आहेत गं?”

“मागं बघा ना,” ती म्हणाली. मागं पोत्यांच्या थप्पीवर दोन पोरं कुस्ती खेळत होती, एक कुत्रं सावलीपुरतं झोपलं होतं, आणि बांधावर शेजारीण हातातलं काम सोडून भांडण ऐकत उभी होती.