स्पॅनिश क्रियापदं घोकताय? थांबा, अर्धा तक्ता तुम्हाला आधीच येतो

गेल्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळचे सव्वाआठ वाजले होते. लेडीज डब्यात एका हाताने कडी आणि दुसऱ्या हातात फोन. लोकलने कल्याण सोडलं होतं, पुढचं स्टेशन विठ्ठलवाडी, म्हणजे माझं. आमच्या टीमचा क्लायंट मेक्सिको सिटीतला. त्यांच्यात आणि आपल्यात साडेअकरा तासांचा फरक, त्यामुळे तिकडे सकाळचे पावणेनऊ, कामाला नुकती सुरुवात.

ऑफिसमधून निघण्याआधी मी एक अडकलेला सर्व्हर रीस्टार्ट केला होता. ते कळवायचं राहिलं होतं. पाच महिने ॲपवर स्पॅनिश शिकत होते, म्हटलं इंग्रजीत कशाला, आज स्पॅनिशमध्येच लिहू. तीन शब्द टाइप केले, पाठवले आणि उतरले.

घरी पोचेपर्यंत फोनवर मिस्ड कॉल. तिकडच्या ऑपरेटरने चालू सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट केला होता. अकरा मिनिटं सिस्टिम बंद आणि त्या वेळात आलेल्या ऑर्डर अडकल्या. त्याने असं का केलं? कारण मीच तसं लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं, "सर्व्हर रीस्टार्ट केला." मी लिहिलं होतं, "सर्व्हर रीस्टार्ट करावा."

फरक एका अक्षराच्या डोक्यावरच्या तिरक्या रेघेचा. ती मी दिली नव्हती.

त्या रात्री मी ॲप बाजूला ठेवलं आणि स्पॅनिश क्रियापद नक्की चालतं कसं हे प्रोग्रॅमरच्या नजरेने बघायला बसले. जे सापडलं ते असं: आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो, म्हणून ती अवघड जाते. मराठीतून गेलो तर बराच रस्ता ओळखीचा आहे.

क्रियापद म्हणजे खोड आणि शेपूट

स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप तीनच प्रकारे संपतं: आर, एर किंवा इर. 'आब्लार' म्हणजे बोलणं, 'कोमेर' म्हणजे खाणं, 'विविर' म्हणजे राहणं किंवा जगणं. शेवटची दोन अक्षरं कापली की उरतं ते खोड. त्याला नवी शेपूट जोडायची, झालं रूप तयार. 'आब्लार'चा वर्तमानकाळ बघा (लिहिताना सुरुवातीला एच असतो, पण त्याचा उच्चार होत नाही):

मी बोलते: आब्लो
तू बोलतोस: आब्लास
तो किंवा ती बोलते: आब्ला
आम्ही बोलतो: आब्लामोस
ते बोलतात: आब्लान

गंमत म्हणजे 'तू'ला स्पॅनिशमध्येही 'तू'च म्हणतात. आणि 'तुम्ही'सारखं आदराचं 'उस्तेद' वेगळं आहे.

आता इंग्रजी आठवा. 'आय स्पीक, यू स्पीक, वी स्पीक, दे स्पीक.' शेपूट जवळजवळ नाहीच, म्हणून प्रत्येक वेळी 'आय', 'यू' लावावं लागतं. स्पॅनिश माणूस नुसतं 'आब्लो' म्हणतो, 'मी' गाळतो. आपणही नुसतं "येते गं" म्हणून दाराबाहेर पडतोच की. कोण येणार ते शेपूट सांगते.

मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. क्रियापद द्या, तो सगळी रूपं छापतो. आतमध्ये दोनच गोष्टी आहेत: शेपटांचा तक्ता आणि अपवादांची यादी. प्रोग्रॅम आधी अपवादांत शोधतो, तिथे नसेल तर नियम लावतो. यादीत सगळ्यात आधी काय भरावं लागलं? असणं, जाणं, करणं, येणं. सगळी रोजची क्रियापदं. मराठीतही तेच. 'बस'चं 'बसले' होतं, पण 'जा'चं 'गेले', 'ये'चं 'आले', 'हो'चं 'झाले', 'कर'चं 'केलं'. जी रूपं दिवसातून शंभरदा तोंडात येतात ती तशीच्या तशी लक्षात राहतात, म्हणून त्यांचा वेडेपणा टिकतो. क्वचित लागणारं क्रियापद हळूहळू नियमाच्या रांगेत येऊन उभं राहतं.

96 रूपं बघून घाबरू नका

स्पॅनिशचा पूर्ण तक्ता उघडला की छातीत धस्स होतं. इंडिकातिवो या अर्थात 10 काळ, सुबखुंतिवोमध्ये 6, प्रत्येकाला 6 रूपं. 16 गुणिले 6, म्हणजे 96, आणि आज्ञार्थ वेगळाच. पण त्या 16 पैकी 8 काळ जोडरूपं आहेत. म्हणजे 'आबेर' हे एक मदतनीस क्रियापद चालवायचं आणि पुढे एकच न बदलणारं रूप ठेवायचं, आपल्या 'बोलले आहे, बोलले होते'सारखं. सुबखुंतिवोचा भविष्यकाळ आज बोलण्यात वापरतच नाहीत. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही लोक'साठी वेगळं रूप नाही, 'ते'चंच चालतं. राहिलेला ढीग उचलण्याइतका आहे.

असा तक्ता भाषा जन्मापासून बोलणाऱ्याला लागत नाही, बाहेरून येणाऱ्याला लागतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं आणि कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं. आपल्याकडची क्रियापदं समजून घ्यायला तेव्हा त्यांना पुस्तक लागलं, आज त्यांच्याकडची समजायला आपण ॲप उघडतो.

आपल्या क्रियापदांचेही तक्ते आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये आलं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये. शाळेत आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ पाठ केले आणि पेपर देऊन विसरलो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तर ताख्यात, लाख्यात, वाख्यात अजून छळतात. त्यांना सांगते, ती मेहनत स्पॅनिशला कामी येईल.

भूतकाळ दोन, तेही ओळखीचे

स्पॅनिशमध्ये साधा भूतकाळ दोन प्रकारचा. ॲप इंग्रजीत समजावतं तेव्हा दोन्हीकडे बऱ्याचदा 'स्पोक'च लिहितं आणि आपण गोंधळतो. मराठीत बघा:

"मी रोज सातची लोकल पकडायचे. एक दिवस ती चुकली."

'पकडायचे' ही सवय, तिला सुरुवात-शेवट नाही. 'चुकली' ही एकदा घडून संपलेली गोष्ट. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'तोमाबा', दुसऱ्यासाठी 'पेर्दी'. पहिल्याला इम्पेर्फेक्तो म्हणतात. तो आपल्या शाळेतल्या रीतिभूतकाळाचं काम करतोच, शिवाय 'पकडत होते' याचंही करतो. मनात मराठी वाक्य आणा: 'यचे' किंवा 'त होते' आलं तर इम्पेर्फेक्तो, नुसतं 'ले' आलं तर दुसरा. दहापैकी बहुतेक वेळा बरोबर येतं.

सुबखुंतिवो म्हणजे काय?

हा शब्द ऐकून अनेक जण स्पॅनिश सोडतात. इंग्रजीत त्याचे अवशेषच उरलेत, त्यामुळे इंग्रजीतून समजावताना अर्धा तास लागतो. मराठीतून एक वाक्य पुरतं:

"तू बोलावंस असं मला वाटतं."

इथे कोणी बोललेलं नाही, बोलतही नाही. ते फक्त माझ्या मनातलं बोलणं आहे. म्हणून आपण 'बोलतोस' न म्हणता 'बोलावंस' म्हणतो. स्पॅनिश: 'किएरो के आब्लेस'. 'आब्लास'चं 'आब्लेस' झालं. नियम एवढाच की शेपटातला स्वर उलटा करायचा. 'आर'वाल्यांना 'ए', 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'आ'. म्हणून 'कोमेस' (खातोस) याचं 'कोमास' (खावंस).

संकेतार्थही तसाच. "वेळ असता तर बोलले असते" हे स्पॅनिशमध्ये 'सि तुविएरा तिएम्पो, आब्लारिया'. दोन्ही भाषांत दोन्ही क्रियापदं वेगळा वेष घालतात, कारण वेळही नाही आणि बोलणंही नाही.

आता परत त्या मेसेजकडे

रीस्टार्ट करणं म्हणजे 'रेइनिसिआर'. 'मी रीस्टार्ट केला' याचं रूप 'रेइनिसिए', जोर शेवटच्या 'सिए'वर, आणि तो जोर दाखवायला शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ. रेघ काढली की जोर 'नि'वर जातो आणि तेच रूप सुबखुंतिवोचं होतं: 'रीस्टार्ट करावा'.

पण मी तर "मला असं वाटतं" वगैरे काही लिहिलं नव्हतं. मग ती आज्ञा कशी झाली? आपल्या स्टेशनवरची पाटी आठवा: "प्रवाशांनी रूळ ओलांडू नयेत." किंवा ऑफिसातली नोटीस: "कृपया दार बंद करावे." 'कर' म्हणणं उद्धट वाटतं तिथे मराठी माणूस विध्यर्थ वापरतो. स्पॅनिशमध्ये 'उस्तेद'ला सांगताना हेच करतात, सुबखुंतिवोचं रूप वापरतात. म्हणजे त्या ऑपरेटरला माझा मेसेज शुद्ध, आदबशीर वाटला. "सर्व्हर रीस्टार्ट करावा." त्याने केला.

फोनवर घाईत तिकडचे लोकही रेघा गाळतात, आणि पुढच्या-मागच्या बोलण्यावरून समजून घेतात. माझ्या तीन शब्दांना मागचं-पुढचं काहीच नव्हतं.

आणि स्पेलचेक का मदतीला आला नाही? स्पॅनिशचा स्पेलचेक चालू असता तरी भरवसा नव्हता. साधा स्पेलचेक शब्द यादीत आहे का एवढंच बघतो, आणि इथे दोन्ही शब्द यादीत आहेत. चुकीचा शब्द तो पकडेल, चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द कसा पकडणार? मराठी कीबोर्डवर मी 'आले' ऐवजी 'आलो' लिहिलं तरी लाल रेघ येत नाही, त्याचंही कारण हेच.

जिथे मराठी चालत नाही

सगळं जुळतं असं समजू नका. "तू पोचलास की फोन कर" यात मराठी भूतकाळाचं रूप वापरते, स्पॅनिश तिथे सुबखुंतिवो मागते, कारण पोचणं अजून व्हायचंय. "तो येईल असं वाटत नाही" यात आपण भविष्यकाळ वापरतो, तिथेही सुबखुंतिवो. ही वाक्यं वेगळी पाठ करा.

उलट काही ठिकाणी स्पॅनिश सोपी आहे. मुलगा असो वा मुलगी, 'आब्लो' एकच. आपल्यासारखं बोलतो-बोलते नाही. आणि "मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली" असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलणंही नाही.

फोनवर एवढं करा

1. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांमध्ये जाऊन स्पॅनिश जोडा. नाही जोडलं तरी बहुतेक कीबोर्डवर अक्षर दाबून धरलं की रेघेचे पर्याय वर येतात. रेघ म्हणजे नक्षी नाही, ती काळ बदलते.

2. फ्लॅशकार्डच्या मागे इंग्रजी नको, मराठी अर्थ लिहा. 'बोलले', 'बोलायचे', 'बोलावं', 'बोलले असते'. चार रूपं, चार वेगळी कार्डं.

3. आधी दहा रोजची क्रियापदं घ्या, जी अपवाद आहेत तीच. नियमातली आपोआप येतील.

4. कामाचा मेसेज असेल तर 'मी' गाळू नका. स्पॅनिशमध्ये 'यो' लिहिणं थोडं जड वाटतं, पण 'यो' असलं की रेघ राहिली तरी कोणी त्याला आज्ञा समजणार नाही.

मी आता "यो" लिहिते, रेघ देते, आणि सर्व्हरबद्दलचा मेसेज लोकलमधून पाठवत नाही. विठ्ठलवाडीला उतरते, पुलाच्या पायऱ्या चढून बाहेर येते, एका जागी उभी राहते आणि मग पाठवते. आज घरी जाताना तुम्हीही एक काम करा: दिवसभरात कितीदा 'करावं', 'यावं', 'सांगावं' म्हणालात ते मोजा. तेवढ्या वेळा तुम्ही सुबखुंतिवोचा सराव केलाय.