ठिगळाची पारख

ज्या संगणक-प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला तिचा मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, तिला ओपन सोर्स प्रणाली म्हणतात. अशा प्रणालींविषयी लिहिताना जगभरातून येणाऱ्या स्वयंसेवी योगदानाचे कौतुक भरपूर होते. ते योगदान पारखून घेणाऱ्या किंवा परत धाडणाऱ्या माणसाची, ज्याला या क्षेत्रात मेंटेनर म्हणतात, दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वस्तुतः छोटासा बदल लिहायला एक संध्याकाळ पुरते, पण एकदा घेतलेला बदल, लिहिणारा निघून गेल्यावरही, वर्षानुवर्षे निस्तरावा लागतो आणि ते काम घेणाऱ्याच्याच गळ्यात पडते.

या व्यवहाराची सर्वांत काटेकोर रीत लिनक्स कर्नलमध्ये पाहावयास मिळते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत, १९९१ मध्ये, सुरू केलेला हा कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यातील गाभा होय. त्यात सुचवायचा बदल ‘पॅच’ म्हणून येतो. पॅच म्हणजे ठिगळ, आणि हे नाव चपखल आहे. काढावयाच्या ओळीपुढे वजाचे आणि घालावयाच्या ओळीपुढे अधिकचे चिन्ह असते, तर ठिगळ नेमके कोठे बसते हे कळावे म्हणून वरखाली सहसा तीन-तीन मूळ ओळी ठेवलेल्या असतात. आरंभी बदलाचे कारण लिहायचे असते, कारण काय बदलले ते संहितेतच दिसते, का बदलले ते दिसत नाही. त्या निवेदनाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी सहीची ओळ येते. आपल्या मालकीची संहिता लिनक्समध्ये गेल्याचा दावा एससीओ या कंपनीने २००३ पासून लावून धरल्यानंतर, २००४ मध्ये ही सही आवश्यक झाली. हा मजकूर देण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी ग्वाही तीतून दिली जाते. पॅच ज्या मेंटेनरांच्या हातांतून वर जातो तेही आपापली सही खाली जोडतात, त्यामुळे सातबाऱ्यावरील फेरफारांप्रमाणे त्याचा प्रवास वाचता येतो.

ओळींची मांडणी किंवा जुळणीतील चुका यंत्र शोधू शकते, परंतु अर्थ जाणणारा माणूसच लागतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या शब्दांतील भेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही; मात्र अक्षरे पडद्यावर उमटवणाऱ्या प्रणालीत आलेला पॅच जर हा अर्धा ऱ बिघडवत असेल, तर मराठी न जाणणारा निष्णात परीक्षकही तो निःशंकपणे मान्य करील. त्याहून अवघड असते ते जे लिहिलेलेच नाही ते पाहणे. संकेतस्थळांशी होणारा व्यवहार कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये ३१ डिसेंबर २०११ रोजी एक योगदान रीतसर तपासून घेतले गेले. समोरून आलेला मजकूर सांगितलेल्या लांबीइतका खरोखर आहे काय, हे पडताळणारी अट त्यात नव्हती. ती उणीव लेखक आणि परीक्षक दोघांच्याही नजरेतून सुटली आणि एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने जगापुढे आली.

तेथे चूक तरी प्रामाणिक होती. एक्सझेड या संक्षेपण-प्रणालीच्या, म्हणजे फाइली आटोपशीर करणाऱ्या साधनाच्या, बाबतीत परीक्षणाची रीतच हत्यार बनली. एकटा मेंटेनर ती विनावेतन सांभाळत असताना ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून उपयुक्त पॅच पाठवले, इतर काही नावांनी काम संथ चालल्याची तक्रार करून मेंटेनरवर दबाव आणला, आणि कालांतराने संहिता स्वीकारण्याचा अधिकार त्या नवागताच्याच हाती गेला. २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या दोन आवृत्त्यांत चोरवाट निघाली. तिचा गाभा चाचणीसाठीच्या फाइलींत, म्हणजे परीक्षक ज्या सहसा उघडून पाहत नाहीत अशा जागी, दडवलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होत असल्याचे खटकले, म्हणून मार्चअखेरीस ती सापडली. चांगल्या कामातून विश्वास आणि विश्वासातून अधिकार, हा क्रम याआधी कोणालाही आक्षेपार्ह वाटला नव्हता, आणि त्याला धड पर्याय आजही नाही. तेव्हा दोष त्या मेंटेनरच्या माथी मारण्यापेक्षा, त्याच्या श्रमावर फुकटात विसंबलेल्या कंपन्यांना जाब विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

स्वतःचा पहिला पॅच पाठवण्यास उत्सुक असलेल्या महाविद्यालयीन वाचकाने म्हणूनच आधी दुसऱ्या कोणाचा तरी पॅच उतरवून घ्यावा, आपल्या यंत्रावर चालवावा आणि जे आढळले ते मेंटेनरला कळवावे. कर्नलमध्ये अशा चाचणीसाठी ‘टेस्टेड-बाय’ ही वेगळी ओळ आहे, आणि तीत लिहिलेले नाव बदलाच्या नोंदीत कायमचे राहते.