अर्ध्या थेंबात ७२ अर्थसंकल्प

वरवंड म्हणजे उसाचा मुलूख. इथे साखर पोत्यांनी मोजतात, पोतं ५० किलोचं. आता वीस किलोचं एक लेकरू घ्या. अंगात रक्त सुमारे १.६ लिटर, आणि त्या सगळ्या रक्तात साखर किती? १.६ ग्रॅम! एका पोत्यात ३१,२५० लेकरांची साखर भागते. मधुमेह बिघडून हेच लेकरू कीटोॲसिडोसिसमध्ये गेलं, साखर ५०० झाली, तरी रक्तातला आकडा आठ ग्रॅम. दोन चमचे! पण रक्तात आम्लही साचलेलं असतं. लेकरू बेशुद्ध होऊ शकतं आणि साठेक किलोमीटरवरच्या पुण्याला धावाधाव सुरू होते.

अतिदक्षता विभागात त्याला ताशी दोनेक युनिट इन्सुलिन लावतात. आपल्याकडच्या मिलिलिटरला ४० युनिटवाल्या बाटलीतला हा जेमतेम एक थेंब! तोही सलाईनमध्ये मिसळून, सिरिंज पंपातून सावकाश, कारण साखर धाडकन उतरवणंही धोक्याचं. थेंबातलं इन्सुलिन ०.०७ मिलिग्रॅम. दौंड जंक्शनवर २४ डब्यांच्या आठ गाड्या लावा, डब्यागणिक ७२ लेकरं बसवा, सगळ्यांना तासभर इन्सुलिन द्या: एक ग्रॅम पुरून उरेल.

आणि रेणू? एका युनिटमध्ये, म्हणजे अर्ध्या थेंबात, ३,६०० लाख कोटी! केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटी रुपयांचा. रेणूमागे रुपया धरला तर असे ७२ अर्थसंकल्प. जगातल्या ८०० कोटी माणसांत वाटा, माणशी साडेचार लाख.

तरी इन्सुलिन म्हणजे उधळपट्टीच. लघवी रोखणारं व्हॅसोप्रेसिन बघा: रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये दोनेक पिकोग्रॅम. पिकोग्रॅम राहू द्या, पाणी मोजू. एक ग्रॅम ५० कोटी लिटरमध्ये! पावणेतीन लाख लिटरच्या १,८०० विहिरी. दहा हजार लिटरचे ५०,००० टँकर. आठ मीटरचा एकेक टँकर, एकाला एक चिकटून उभा करा. रांग मुंबईहून निघाली, १५० किलोमीटरवर पुणे संपलं, यवत गेलं, वरवंड गेलं, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी... शेवटचा टँकर सोलापुरात! ४०० किलोमीटर पाण्यात एक ग्रॅम, आणि तेवढ्यावर मूत्रपिंडं हुकूम पाळतात.

डोक्याला मोठा मार लागला की कधी कधी हाच हुकूम बंद पडतो. मग आपल्या वीस किलोच्या लेकराला ताशी १०० मिलिलिटर, कधी त्याहून जास्त लघवी. दिवसाला २.४ लिटर, अंगातल्या सगळ्या रक्ताच्या दीडपट! डॉक्टर व्हॅसोप्रेसिनचाच कृत्रिम अवतार, डेस्मोप्रेसिन देतात, तेही मायक्रोग्रॅममध्ये, आणि सोडियम बघत गेलेलं पाणी तासातासाने भरून काढतात.